नांग्या

पेरणी कितीही नीट केली तरी सगळं बी उगवत नाही. कुठं पाखरांनी टिपलेलं असतं, कुठं ढेकळाखाली दबलेलं असतं, कुठं ओलच पोचलेली नसते. आठ-दहा दिवसांनी रानातनं एक फेरी मारली की मधल्या मोकळ्या जागा दिसायला लागतात. त्यांना आमच्याकडं नांग्या म्हणतात. या नांग्या पाभरीनं भरता येत नाहीत. ओटीत बी घ्यायचं, वाकायचं आणि एकेका जागी बोटानं दोन-दोन दाणे टोकायचे. काम बारकं, पण वेळेचं. उशीर झाला की शेजारचं पीक वर निघून जातं आणि मागनं उगवलेलं रोप त्याच्या सावलीत पिवळं पडून राहतं.

शाळेचं तसंच आहे. शाळा म्हंजे पाभर. तीस-चाळीस पोरांवर एकदम पेरणी होते आणि तशीच व्हायला पाहिजे, नाहीतर एवढं रान कधी पेरून व्हायचं? बरीच पोरं उगवून येतात. पाच-सात राहतात. त्या राहिलेल्या पोराजवळ कुणीतरी एकट्यानं बसून, ओळीखाली बोट ठेवून, अक्षर न् अक्षर वाचून घ्यावं लागतं. या कामाला पगार नाही, हुद्दा नाही. पण आपल्या मुलखात लिहिण्या-वाचण्याचा जो काही प्रसार झाला, त्यात या कामाचा वाटा मोठा आहे. तो कसा, ते मी माझ्या वकुबाप्रमाणं सांगतो.

इंग्रजी अमलाच्या आधी आणि त्याच्या सुरुवातीलाही गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. देवळात, धर्मशाळेत, नाहीतर एखाद्याच्या ओसरीवर त्या भरत. पंतोजीला सरकारी पगार नसे. पोरांच्या घरून येणारं धान्य, शिधा आणि सणासुदीला चार पैसे, यावर त्याचं चाले. त्या शाळेत इयत्ता नव्हत्या. एक पोरगं धुळपाटीवर ओनामा गिरवतंय, दुसरं बाराखडीत अडकलंय, तिसरं मोडी कागद लावतंय, चौथं पावकी-निमकी घोकतंय, असा सगळा मेळ. पंतोजी एकेकाला जवळ घेई, अक्षर काढून देई, हात धरून गिरवून घेई. थोराड पोरं धाकट्यांना शिकवत. मारही भरपूर खावा लागे. पण एक गोष्ट होती. पुढची पोरं निघून गेली आणि हे मागं राहिलं, असा प्रकार तिथं नव्हता. प्रत्येकाची चाल वेगळी आणि ज्याच्या-त्याच्या चालीनंच तो पुढं जाई.

ही मोठ्यानं धाकट्याला शिकवण्याची रीत पुढं साता समुद्रापार गेली. मद्रासेत लष्करातल्या लोकांच्या अनाथ मुलांची एक शाळा होती. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री ती सांभाळत होता. त्यानं १७९० च्या आसपास मलबारी पोरांना वाळूत बोटानं अक्षरं काढून शिकताना पाहिलं. त्याला ते पटलं. त्यानं आपल्याही शाळेत वाळू आणवली आणि मोठ्या पोरांना धाकट्यांच्या शेजारी बसवलं. १७९७ मध्ये त्यानं त्यावर विलायतेत पुस्तक छापलं. तिकडच्या गरिबांच्या शाळांत ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. आपल्या धुळपाटीनं साहेबाच्या देशातली गरिबाची पोरं वाचायला शिकली, हे आपल्याकडं फार थोड्यांना ठाऊक असतं.

मात्र त्या पंतोजीच्या ओसरीवर कोण बसत होतं, हेही सांगितलं पाहिजे. तिथं पोरी नव्हत्या. महार-मांगांची पोरं नव्हती. कुणब्याची पोरं असली तर अगदी थोडी, आणि तीही सुगी आली की रानात. ज्याला हिशेब ठेवायचा त्यानं शिकायचं, आणि ज्याचा हिशेब ठेवला जायचा त्यानं अंगठा उठवायचा, असा तो सरळ व्यवहार होता. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात या अंगठ्यापायी कुणबी कसा नागवला जातो त्याचंच दुखणं आहे.

पण असूड लिहिण्याच्या कितीतरी आधी जोतीरावांनी एक नांगी स्वतःच्या घरात भरली होती. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात नायगाव आहे. तिथल्या नेवसे पाटलांची लेक सावित्री ३ जानेवारी १८३१ ला जन्मली आणि १८४० मध्ये लग्न होऊन फुल्यांच्या घरी गेली. लग्न झालं तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी तिला घरीच शिकवलं. शिकवणारा एक, शिकणारी एक. पुढं १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तिथं तीच शिकवायला उभी राहिली. १८५५ मध्ये शेतकरी आणि मजुरांसाठी त्यांनी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबलेल्या माणसांना रात्री अक्षरं. भिडे वाड्याची गोष्ट सगळे सांगतात. मला त्याच्या आधीची सात-आठ वर्षं जास्त मोठी वाटतात. नवरा बायकोला पाटी देऊन बसवतो, हे त्या काळात करून दाखवणं सोपं नव्हतं. सासर-शेजार काय काय बोललं असेल, ते खेड्यात जन्मलेल्या माणसाला सांगायला नको.

दुसरं उदाहरण राजवाड्यातलं आहे, पण माणूस आपल्यातलाच. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणं नावाचं गाव आहे. तिथं शेती करणाऱ्या गायकवाडांच्या घरात १८६३ मध्ये गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. बडोद्याच्या गादीला वारस हवा होता म्हणून १८७५ मध्ये त्याला दत्तक घेतलं. तोच सयाजीराव महाराज. वाड्यात गेला तेव्हा पोरगा बाराचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. आता आपण काय म्हणतो? बारा वर्षांचं पोरगं कोरं आहे म्हटलं की म्हणतो, ‘याचं डोकंच नाही. लावा गुरांमागं.’ त्याच्या नशिबानं त्याला शिक्षक मिळाले, ते जवळ बसणारे मिळाले आणि वेळ मिळाला. सहा वर्षांत तो राज्यकारभार हाती घेण्याइतका तयार झाला. त्याच माणसानं १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या बडोदा संस्थानाला लावलं. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाला वाचण्याची किंमत जास्त कळते, असं मला वाटतं.

१८८२ मध्ये हंटर साहेबाच्या आयोगापुढं जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदा केला. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. शाळा गावोगाव गेल्या. हे फार मोठं काम झालं. आमच्यासारख्यांची पोरं शाळेत बसली ती यांच्या पुण्याईनं. पण शाळा सगळ्यांची झाली तशी एकेका पोराजवळ बसायची जुनी रीत मागं पडली. एक मास्तर, चार इयत्ता आणि दीडशे पोरं असं झाल्यावर तो बिचारा कुणाकुणाजवळ बसणार? पुढच्या बाकावरची पोरं वाचायची आणि मागची त्यांच्या सुरात सूर मिसळून ओरडायची. मी त्या मागच्या ओरडणाऱ्यांतच बसत होतो. पण मला वाचता येत होतं. त्याचं कारण माझी चुलती.

१९५९ मध्ये आमच्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. पुढं ती साऱ्या महाराष्ट्रात गेली. ती मोठ्या माणसांसाठी होती. गावातल्या गावात शिकलेल्या माणसांनी न शिकलेल्यांना शिकवायचं, आणि तेही फुकट. गावानं ग्रामदैवतासमोर शपथ घ्यायची. रात्री देवळात, चावडीत, कुणाच्या सोप्यात वर्ग. सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. गुढ्या, तोरणं, लेझीम, बाहेरनं आलेले पाहुणे.

आमच्या गावात मोहीम आली तेव्हा मी अंगावर पीत होतो. पण चुलतीनं मला ते इतक्यांदा सांगितलंय की बघितल्यासारखं वाटतं. ती सांगायची, “आरं, मास्तर कंदील घिऊन यायचा. आमी बाया पदर तोंडाला लावून बसायचो. पयल्या दिशी नुसतं हसायलाच येत व्हतं. हात लिवायला वळंना. खुरपं धरायची सवय, लेखणी कशी धरायची? मास्तरानं सांगितलं, खुरप्यावाणीच धरा. मग जमलं.”

समारंभ झाला, फेटे बांधले, फोटो निघाला. आणि वर्षाभरात निम्म्या बायका शिकलेलं विसरून गेल्या. विसरणारच की. वाचायला घरात होतं काय? एक पंचांग, तेही भटजीकडं. चुलती विसरली नाही, कारण तिला वाचायला माणूस सापडलं होतं. तिचा थोरला भाऊ मुंबईला गिरणीत होता. त्याचं पत्र यायचं. दुसऱ्याच्या तोंडून भावाचं पत्र ऐकायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. ती पत्र अक्षराला अक्षर लावून वाचायची, एकेक पत्र आठवडाभर.

मी पाच वर्षांचा झालो तेव्हा तिनं तीच पत्रं माझ्यापुढं धरली. चुलीपुढं बसून राखेत अक्षर काढायची, मग तेच अक्षर पत्रात कुठं आहे ते हुडकायला लावायची. ‘आ’ हुडक. ‘आक्का’तला ‘क्का’ हुडक. माझं पहिलं पाठ्यपुस्तक म्हंजे माझ्या चुलत मामाची ख्यालीखुशाली. शाळेत गेलो तेव्हा मला वाचता येत होतं आणि मास्तरांना वाटलं पोरगं हुशार आहे. मी हुशार नव्हतो. माझ्याजवळ एक माणूस वर्षभर बसलं होतं, एवढाच फरक होता. माझ्या शेजारी बसणारा पोरगा डोक्यानं माझ्यापेक्षा तल्लख होता. तोंडी हिशेबात त्याच्यापुढं माझी डाळ शिजत नसे. त्याच्या घरी कुणालाच अक्षर येत नव्हतं. तो चौथीत बसला तो उठलाच नाही. पुढं जन्मभर त्यानं सोसायटीच्या कागदावर अंगठा दिला.

त्याच सुमाराला तिकडं समुद्राच्या बाजूला, आताच्या पालघर जिल्ह्यात, दोन बायका याच प्रश्नाला भिडल्या होत्या. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढं ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली पोरं वारल्यांची. शाळा काढली तर पोरं येईनात. कुणी गुरं राखतंय, कुणी धाकटं भावंड सांभाळतंय. मग या बायकांनी शाळाच पोरांकडं नेली. पाड्यावरच्या अंगणात पोरं गोळा करायची, ती अंगणवाडी. गुरं चरतात त्या कुरणात जाऊन बसायचं, ती कुरणशाळा. आज सरकारी अंगणवाडी गावागावात आहे. १९७५ पासून ती योजना चालू आहे, पण नाव त्या अंगणातलं आहे. शंख, शिंपले, बिया, पानं हेच त्यांचं साहित्य. पोराच्या घरात जी बोली आहे, तिचा हात धरून पुस्तकातल्या मराठीकडं यायचं. ही गोष्ट मला फार उशिरा वाचायला मिळाली, पण वाचली तेव्हा चुलतीच्या राखेची आठवण झाली.

मग १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन निघालं. १९९० मध्ये केरळातला एर्नाकुलम जिल्हा पूर्ण साक्षर झाला आणि तशा मोहिमा आपल्याकडंही जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाल्या. एका स्वयंसेवकाकडं आठ-दहा जण. तीन भागांतली पुस्तिका. आमच्या गावात मीही एक स्वयंसेवक होतो. माझ्या वर्गात नऊ माणसं होती. त्यात दोन मेंढपाळ, एक सुतार आणि बाकी रोजगारी बाया. तिसऱ्या पुस्तिकेपर्यंत पाच जण पोचले. तेव्हा एक गोष्ट रोज डोळ्यांपुढं यायची. या बायांबरोबर त्यांची पोरं येत. तिसरी-चौथीतली. आई अडली की मी पोराला म्हणे, ‘सांग रं आईला.’ पोरगं खाली बघे. शाळेत जाणाऱ्या पोराला पुस्तिकेचा पहिला भाग वाचता येत नव्हता. आम्ही तिथं आयांना शिकवत होतो आणि त्यांच्या पोरांमध्ये उद्याचे निरक्षर तयार होत होते.

हे फक्त आमच्या गावात नव्हतं. मुंबईच्या वस्त्यांतही हेच होतं. तिथं १९९४-९५ च्या सुमाराला माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था उभी केली. त्यांनी वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या पोरींना घेतलं. त्यांना बालसखी म्हणत. वर्गात मागं पडलेली वीसेक पोरं रोज दोन तास बालसखीकडं बसत. तिथं चौथीचं पुस्तक नव्हतं. पोरगं जिथं अडलंय तिथनं सुरुवात. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी मुंबईत आणि बडोद्यात या कामाची रीतसर पारख केली. बालसखी मिळालेल्या शाळांतली मागं पडलेली पोरं खरंच पुढं सरकली, असं त्यांना दिसलं. या दोघांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातल्या बॅनर्जींच्या आई मूळच्या मराठी, पाटणकरांच्या.

२००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी सुरू झाली. जिल्ह्यातली तीस गावं निवडायची, प्रत्येक गावात वीस घरं, आणि घरी जाऊन एकेका पोरापुढं एक कागद धरायचा. कागदावर चार पायऱ्या: सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या तोडीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या तोडीची गोष्ट. बस्स. एवढ्या साध्या कागदानं देशाला घाम फोडला. दुसरीची गोष्ट वाचू न शकणारी पाचवीतली पोरं साऱ्या देशात निम्म्याच्या आसपास निघतात. कोरोनानंतर २०२२ मध्ये तर नीट वाचणारी ४३ टक्क्यांच्या घरात आली होती. २०२४ च्या पाहणीत ती पुन्हा वर सरकली, पण निम्म्याची रेघ ओलांडली नाही.

एक गोष्ट उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्याची आहे. तिथं २००५-०६ मध्ये २८० गावांत पारख झाली. काही गावांत नुसत्या सभा घेतल्या. गावकऱ्यांना सांगितलं, तुमच्या पोरांना वाचता येत नाही, शिक्षण समितीचे तुमचे अधिकार हे असे आहेत. सभा झाल्या, माना डोलल्या, आणि फरक काहीच पडला नाही. काही गावांत मात्र गावच्याच तरुण पोरांना वाचन शिकवायची सोपी रीत चार-पाच दिवसांत शिकवली. त्यांनी बिनपगारी वर्ग घेतले. जी कोरी पोरं तिथं येऊन बसली, ती अक्षरं ओळखायला लागली. मेख एकच होती. बसणारी पोरं फार थोडी होती. ज्यांना गरज त्यांतली बरीचशी तिकडं फिरकलीच नाहीत. मी हे वाचलं तेव्हा मनात आलं, नांगी काही आपण होऊन बांधावर येत नाही. वाकून तिच्यापर्यंत जावं लागतं.

आमच्याकडं पाटाचं पाणी आल्यापासून ऊस वाढला. दिवाळी झाली की बीड, नगरकडनं टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडनं उचल घेतलेली असते, ती फेडायला चार-पाच महिने आमच्या रानाच्या कडेला खोप टाकून राहायचं. पोरं बरोबर येतात. गावाकडच्या शाळेत नाव असतं आणि पोरगं इथं पाणी भरत असतं, धाकट्याला सांभाळत असतं. मधल्या काळात काही संस्थांनी साखरशाळा चालवल्या. आता पोरांना जवळच्या शाळेत घाला म्हणतात. काही जातात. पण एवढ्या लांबनं आलेलं पोरगं चौथीच्या वर्गात मागं बसून काय करणार?

कोरोनाच्या आधीच्या हंगामात अशीच एक पोरगी होती. दहा वर्षांची असेल. तिच्या आईबापाला मी विचारलं, संध्याकाळी थोडा वेळ हिला माझ्याकडं पाठवता का? बाप म्हणाला, “भाकरी कोण थापील?” आई म्हणाली, “मी थापते. जाऊ द्या तिला.” तेवढ्यावर ठरलं. माझ्या गोठ्याच्या पडवीत, दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं.

तिला सुटी अक्षरं बरीच येत होती. काना-मात्रा आली की गाडी रुतायची. ‘क’ येई, ‘य’ येई, ‘त’ येई, पण ‘कोयता’ म्हटलं की गप्प. पुस्तक मी बाजूला ठेवलं. तिलाच विचारलं, आज काय केलंस ते सांग. ती सांगेल ते मोठ्या अक्षरात पाटीवर लिहायचो. ‘बाबा ऊस तोडतो. आई मोळी बांधते. मी वाढं गोळा केलं. टायरगाडी रुतली.’ हे वाचायला तिला जड जाईना, कारण पुढं काय येणार ते तिलाच ठाऊक होतं. मग त्यातला एकेक शब्द सुटा करायचा. ‘मोळी’चं ‘गोळी’ कर, ‘पोळी’ कर, ‘होळी’ कर. एक मात्रा पक्की झाली की दुसरी. बाराखडीचा तक्ता पडवीच्या भिंतीला लावला होता. रोज एक ओळ आडवी, एक उभी. चुकलं तर मी लगेच सांगत नसे. मनात पाच अंक मोजायचो. बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या अंकाला ती आपणच दुरुस्त करी. एकट्या पोराजवळ बसण्याचा फायदा हाच. हसायला दुसरं कुणी नसतं आणि वाट बघायला वेळ असतो.

जोडाक्षरांना वेळ लागला. “आबा, ह्या ‘र’नं किती सोंगं घेतल्याती!” असं ती एकदा वैतागून म्हणाली. खरंच आहे. ‘सूर्य’मधला डोक्यावर, ‘चक्र’मधला पायाशी, ‘ट्रक’मधला अजून तिसराच. आपल्या लिपीतला सगळ्यात अवघड गडी तो.

संक्रांतीनंतर एक दिवस ती कारखान्याच्या काट्याची पावती घेऊन आली. बापाच्या खिशातनं आणलेली. वाहनाचा नंबर, गावाचं नाव, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन. तिनं ‘निव्वळ’ दोनदा फोडून वाचलं. म्हणाली, “निव्वळ म्हंजी आमचं?” मी म्हटलं, होय, त्यावरच तुमची मजुरी. दुसऱ्या दिवसापासनं तिनं वहीत प्रत्येक खेपेचं निव्वळ वजन तारखेसह मांडायला सुरुवात केली. मार्चअखेरीला मुकादमाचा हिशेब झाला. बापानं ती वही पुढं ठेवली. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. दोन खेपा मुकादमाच्या वहीत चढवायच्या राहिल्या होत्या, त्या त्यानं चढवल्या. बाप नंतर मला म्हणाला, “बारा वर्षं झाली तोडतोय. हिशेबाला पहिल्यांदाच तोंड उघडलं.” जोतीरावांनी असूड ज्याच्यासाठी उचलला, ते दुखणं एवढ्याशा वहीनं त्या दिवसापुरतं तरी थांबलं.

ट्रॅक्टर भरला तेव्हा मी तिला गोष्टींची दोन पुस्तकं दिली. पुढच्या हंगामाला दुसरीच टोळी आली.

तुम्ही म्हणाल, हे काम शाळेचं, मास्तरांना पगार कशाचा? शाळेचं आहेच. आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटानं जिल्हा परिषदेच्या शाळेत काय होऊ शकतं ते दाखवलंय. महाराष्ट्रभरचे मास्तर ते बघायला आले. २०२१ पासून सरकारनं ‘निपुण भारत’ म्हणून लहान पोरांचं वाचन-गणित पक्कं करायचं ठरवलंय. ते सगळं व्हावं. पण पाभर नवी आली म्हणून नांग्या पडायच्या थांबत नाहीत. चांगला शेतकरी पेरणीआधीच थोडं बी नांग्यांसाठी बाजूला काढून ठेवतो. गावानंही आपल्याकडची थोडी माणसं अशी बाजूला काढून ठेवावीत.

या कामाला फार शिक्षण लागत नाही. मी दहावी. चुलती तर रात्रीच्या वर्गातली. लागतो तो रोजचा वेळ. पहिल्या आठवड्यात दहा जण येतात, महिन्याभरात दोन उरतात. कुणाचं लग्न निघतं, कुणाची भरती, कुणाला मोबाईल सुटत नाही. म्हणून मी आता तरुणांच्या मागं लागायचं सोडून म्हाताऱ्यांना आणि घरी बसलेल्या सुनांना धरलंय. त्यांचा शब्द पक्का असतो.

सध्या आम्ही तिघं आहोत. एक मी, एक अंगणवाडीतनं निवृत्त झालेली बाई आणि एक बारावी झालेली सून, जी वैरण टाकून झाल्यावर येते. तिसरी ते पाचवीतली अडखळणारी पोरं गावात आठ आहेत, शिवाय दोन खोपीवरची. एकाला एक या हिशेबानं, दोन पाळ्या धरल्या तरी सहाच पोरं होतात. चार उरतात. त्यांच्यासाठी अजून दोन माणसं पाहिजेत. संध्याकाळी सहा ते सात, मारुतीच्या देवळामागची खोली. चटई आहे, दिवा आहे, बाराखडीचा तक्ता आहे.